मोज्यांची उंची

रविवारी पहाटे पाचला
मी पट्टी घेऊन पलंगाच्या कडेवर बसतो
आणि घोट्यापासून वर मोजतो.
साडेसात इंच हवेत मोजे.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.
असलं कुणी सांगत नसतंच,
नुसतं खाली बघतात, मग मांडवीकडे बघतात.
माझे चार इंच. म्हापशाच्या शुक्रवारातले,
दीडशेला तीन जोड.

कूस बदलत बायको म्हणते,
"सायकल चालवायला चाललायस की दाखवायच्या कार्यक्रमाला?"
मग पांघरुणाच्या आतून,
"मला चालून दाखव म्हणाली होती तुझी आई.
पाटापासून दारापर्यंत. आणि परत."

रायबंदरच्या धक्क्यावर
दिवे अजून चालू, माझ्याच खात्याचे.
(तिसरा मिणमिणतोय. सोमवारी बघू.)
अंगातलं जाकीटही खात्याचंच, नारिंगी,
पाठीवर चकाकत्या अक्षरांत 'वीज खाते'.
माझ्या सायकलीला स्टँड आहे. घंटी आहे.
आरसा आहे, त्यात मागून येणारा
आधी हसताना दिसतो, मग पुढे जातो.

रस्त्यावर बरं असतं.
रस्त्यावर माणूस निघून जातो.
फेरीबोटीची फळी वर उचलली
की सात मिनिटं कुठे जायची सोय नाही.
अकराजण उभे, सायकली मांडीला टेकवून.
स्टँड माझ्या एकट्याचा.
तो मी पायाआड घेतो,
पाहुणे आले की चटईच्या भोकावर
आपण पाय ठेवतो तसा.

व्हेनान्सियोच्या पायांवर एक केस नाही.
कार्दोज डॉक्टरीणबाईंची टोपी शेंदरी, बूट शेंदरी,
पाण्याची बाटलीसुद्धा.
आणि मेघश्याम धुमे कठड्याला पाठ लावून,
हाताची घडी, गॉगल, सूर्य उगवायचाय तरी.
टोपली घेऊन बसलेली नुस्तेकान्न
आम्हाला वरपासून खालपर्यंत बघते नि विचारते,
"एकाच शाळेंतले मरे सगळे?"
कुणीच हसत नाही.
मला मात्र क्षणभर फार बरं वाटतं.

मधल्या धारेत मेघश्याम
कठडा न सोडता सरकत सरकत माझ्यापाशी येतो.
एरवी बोलत नाही हा माझ्याशी.
स्टँडबद्दलचं उत्तर मी तोंडात तयार ठेवतो.
तो म्हणतो, अगदी बारीक आवाजात,
"जरा मागून बघशील? मघाशी टर्रकन काहीतरी झालं."
बघतो. चार बोटं उसवलंय.
आत निळ्या चौकड्यांची चड्डी,
जी सायकलवाले म्हणे घालतच नाहीत.
"गेलं का?"
"गेलं."
म्हणजे तो कठडा त्यासाठी होता.
मी त्याला ऐट समजत होतो.

जाकीट काढून देतो. तो कमरेला बांधतो.
चोडणच्या खाजणातल्या बांधावरून
सगळ्यांच्या पुढे मेघश्याम,
आणि त्याच्या ढुंगणावर 'वीज खाते'.
बारा किलोमीटर मी ते वाचत गेलो.
माझ्या अंगात उरला होता
लेकीच्या स्नेहसंमेलनाचा टी-शर्ट, बगलेत विटलेला.
त्याकडे कोण बघतंय
हे बघायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर चहा घेताना विचारलं,
"तू चालून दाखवलंस, त्या दिवशी..."
"एक पाऊल वाकडं पडलं होतं.
साडी मावशीची, पायात यायची.
लग्नानंतर वर्षभर वाटायचं, तू बघितलंस."
मला काही म्हणजे काही आठवेना.
"मग एकदा तूच बोलून गेलास," ती पाव मोडत म्हणाली,
"तू त्या वेळी शिऱ्यात काजू शोधत होतास."

जाकीट अजून परत आलेलं नाही.
शुक्रवारी म्हापशाला गेलो होतो.
मोजे बघितले, उंच, काळे.
दुकानदार म्हणाला, घ्या, सगळे हेच नेतात.
मी खिशातून पट्टी काढली.